मितभाषी म्हणे!

'मितभाषी.' संहितानं मोबाइलच्या पडद्यावर दोन बोटं ताणून तो शब्द मोठा केला, तरी तो मितभाषीच राहिला. त्याच्याखाली 'सोशिक', त्याच्याखाली 'शांत', मागे बासरी, आणि मधोमध अक्काचा एक फोटो, ज्यात तिचं तोंड मिटलेलं होतं. असा फोटो घरात होता हीच मुळात बातमी होती.

"अण्णा, हे बघा! रघुकाकानं उद्याच्या समाराधनेसाठी फिल्म पाठवलीय. ही कोण बाई आहे, सांगा बरं?"

अण्णा म्हणजे संहिताचे आजोबा, नरसिंहराव. अक्का म्हणजे त्यांची आई, मथुराअक्का. तिला मुलगाही अक्का म्हणायचा, पणतीही अक्काच म्हणायची आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवालाही. नव्वदी ओलांडून, जायच्या आदल्या दिवशीपर्यंत डॉक्टरापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना नावं ठेवून ती गेली होती. उद्या तिचा तेरावा, तीच समाराधना.

"बरी केलीय की," अण्णा चष्मा वर सारून म्हणाले. "बासरी छान आहे."

"बासरी? अण्णा, तुमची आई बासरी होती का? ती नादस्वर होती, अख्ख्या देवळाला ऐकू जाणारा नादस्वर!"

अण्णा हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा असा काही झाला की संहितानं विषय तिथंच सोडला. त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. भांडायचं तर जिथं हा गुन्हा घडला तिथं जाऊन. रघुकाकाच्या घरी, एचएसआर लेआउटला.

आणि भांडायला ती आता कोणाला भीत नव्हती. गेल्या हिवाळ्यात शाळेच्या वादविवाद स्पर्धेत तिनं पहिल्यांदा माईक हातात धरला आणि परत द्यायचं तिच्या जिवावर आलं. तेव्हापासून तिला कळलं होतं, की आपल्याला आवाज आहे. आणि तो कुठून आलाय हे सांगायला कोणा ज्योतिषाची गरज नव्हती.

राजाजीनगरहून मेट्रोत उभ्या उभ्या तिचं डोकं तापतच गेलं. सोशिक! होसकोट्याची मॅट्रिक झालेली मुलगी लग्न होऊन बेंगळुरात येते, पोर मांडीवर असताना नवरा जातो. सासरे म्हणतात, आता घरात बस, अळणी खा, पोथी वाच. अक्कानं पोथी वाचली, मीठही खाल्लं आणि टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी धरली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची भिंत, दोन्ही हातांत वायरी आणि तोंडात चार भाषा. कन्नडमध्ये थांबवायचं, तमिळमध्ये दटावायचं, इंग्रजीत जोडून द्यायचं आणि मधेच कोणी मराठी निघाला तर त्याच्या घरची खुशाली विचारायची. एकदा एका मंत्र्याचा कॉल बाजूला ठेवून तिनं हॉटेलात कपबश्या धुणाऱ्या पोराचा कुंभकोणमचा कॉल आधी जोडला, कारण तिकडे त्याचा बाप शेवटच्या घटका मोजत होता. साहेबानं बोलावून झापलं. अक्का म्हणाली, "मंत्र्याचा बाप कधीच मेलाय, सर. ह्याचा अजून आहे."

अशी बाई शांत? निवृत्त झाल्यावरही ती गुळासाठी थेट यशवंतपूरच्या बाजारात जायची, आणि तिचं भाव करणं ऐकायला हमाल पोती खाली ठेवून उभे राहायचे.

संहिताकडे पुरावा होता. दिवाळीच्या सुट्टीत तिनं अक्काला मोबाइलवर बोलतं केलं होतं. 'बोलतं केलं' हेही खोटंच. मोबाइल नुसता पुढ्यात ठेवला होता. ते सगळं बोलणं तिनं काकाला पाठवलं होतं. फिल्मसाठीच. आणि फिल्ममध्ये त्यातलं एक अक्षर नव्हतं.

दार संयोगिताकाकूनं उघडलं. काकू पुण्याची. तिचं मराठी असं, की तिच्यासमोर कर्नाटकी मराठी बोलणारे अण्णासुद्धा वाक्य जोडण्याआधी घसा साफ करायचे.

"काकू, अक्काचा आवाज कुठाय?"

"आधी आत ये. चप्पल काढ. पाणी देऊ?"

"पाणी नको. आवाज पाहिजे."

सोफ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या रघुनंदनकाकानं मान वर केली. "संहिता, स्वल्प ताळ की. जरा दम धर, बस तरी."

"स्वल्प नाही, जास्त नाही, अजिबात ताळणार नाही! काका, तू तिचा नातू ना? मितभाषी लिहिताना हात कसा चालला तुझा? जन्मभर बोलून बोलून जिनं अण्णांना इंजिनियर केलं, तिला बासरी लावून गप्प बसवलंस?"

काकानं काकूकडे पाहिलं. बायकोकडे बघणं हा त्याचा बहुतेक प्रश्नांवरचा उपाय होता.

"आवाज मी काढायला लावला," काकू म्हणाली.

"का?"

"कारण त्यात शिव्या आहेत."

"अक्का शिव्या देत नव्हती! म्हणजे देत होती, पण त्या तमिळ होत्या, कोणाला कळायच्या नाहीत."

"मला दिलेली मराठीत आहे. स्वच्छ मराठीत." काकूचा आवाज सपाट होता. "'संयोगिता पाप.' एवढं ऐकलं आणि मी बंद केलं. उद्या हॉलमध्ये सगळ्या गोतावळ्यासमोर ते वाजणार आणि मी हातात पळी घेऊन ऐकत उभी राहणार?"

संहिताला हसू फुटलं. फुटायला नको होतं, पण फुटलं ते फुटलंच.

"हसू नकोस!" काकूचे कान लाल झाले. "लग्न होऊन माप ओलांडून ह्या घरात आले. गाडीत झोप नाही, डोकं भणभणतंय. वाजंत्री थांबली, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं माझ्या तोंडाकडे बघून पहिला शब्द काय काढला? 'पाप!' आणि त्यांना गप्प करणारं कोणी नाही. उलट सगळ्या बायकांनी माना डोलावल्या!"

"अगं काकू, पाप म्हणजे पाप गं! पाप म्हणजे... पाप!" स्पर्धेचा कप जिंकलेल्या मुलीला दुसरा शब्दच सापडेना. "म्हणजे बिचारी! तू दमलेली दिसत होतीस म्हणून! बिचारी!"

"पाप म्हणजे बिचारी? कुठल्या मराठीत?"

"आमच्या!"

म्हणाली खरी, आणि म्हणताक्षणी तिचं तिलाच खटकलं. शाळेत कँटीनमध्ये कोणाचा डोसा खाली पडला, की तिची मैत्रीण रम्या 'पाप!' म्हणून हळहळते. बसमध्ये कंडक्टर म्हातारीला जागा देताना म्हणतो. आणि ती दोघं कुठं मराठी आहेत? कैक पिढ्या घरात राहून तो शब्द इतका घरचा झाला होता, की त्याचं आडनाव कोणी विचारलंच नव्हतं.

"काका! पाप कन्नड आहे!"

"काय सांगतेस!" काका खरोखरच चकित झाला. "मला वाटलं मराठीच आहे."

"मला समजूत घालू नका," काकू म्हणाली. "दोघं मिळून तर मुळीच नको."

मग संहितानं वाद घालणं सोडलं. तिनं जेवणाच्या टेबलावर मोबाइल ठेवला आणि लावलं. एका क्षणात त्या नीटनेटक्या फ्लॅटमध्ये अक्का घुसली, नेहमीसारखी न विचारता.

"...तो कावळा पाप रोज येतो. त्याला नुसती इडली चालत नाही, चटणी पाहिजे. ...आमचे सासरे पाप मला घरात बसवायला निघाले आणि शेवटी स्वतःच बसले. ...आणि तो मंत्री पाप, त्याला मूळव्याध होती गं, म्हणून तेवढा ओरडायचा..."

मंत्र्यापाशी काकूच्या ओठांचा कोपरा हलला. पण तिनं तो लगेच जागेवर आणला.

"...संयोगिता पाप. पुण्याहून आली, इथं कोणाशी बोलंल? ह्या रघ्याला तोंडच नाही. मी बोलायला जाती, तर ती उठून आत जाती. माझं मराठी गावठी म्हणून की काय, मला माहीत नाही. म्हणून तिच्यासमोर मी आपली गप्प बसती. एवढं बोलणारी मी, पण तिच्यासमोर नाही बोलत..."

संहितानं हा भाग रेकॉर्ड केला होता, पण ऐकला मात्र आज. दिवाळीत तिचं लक्ष मंत्र्याकडे होतं.

काकू खुर्चीत बसली. 

"मितभाषी मी लिहिलं," काकू शेवटी म्हणाली. "ह्यानं नाही. मी खोटं नव्हते लिहीत, संहिता. मला त्या तशाच दिसल्या. राजाजीनगरला आले, की मी खोलीत जायचे आणि त्या गप्प व्हायच्या."

संहिताच्या जिभेवर केव्हाचं एक भाषण तयार होतं. त्याचं आता काय करायचं ते तिला कळेना. ज्या शब्दावर रागावून ती अख्खं शहर ओलांडून आली होती, तो लिहिणारीचीच बाजू खरी निघावी, हा कुठला न्याय? राग काही कमी झाला नव्हता. त्याला नुसता पत्ता नव्हता.

काकूला मात्र पत्ता सापडला. ती नवऱ्याकडे वळली.

"रघू, मी तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तुझी आजी मला पाप म्हणते."

"सांगितलं होतंस."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी म्हणालो," काका अडखळला, "चांगलं आहे की, म्हणजे तू तिला आवडतेस."

"मला वाटलं टोमणा मारतोयस! मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते!"

"त्याचं कारण मला तेव्हाही कळलं नव्हतं."

"विचारायचं नाही? तोंड आहे ना?"

"नाहीये," संहिता मधेच म्हणाली. "अक्कानं आत्ताच सांगितलं. पण काकू, तू तरी कुठं विचारलंस? आणि अण्णा? आणि आई? घरभर माणसं, सगळ्यांना चार-चार भाषा येतात, आणि एकानं म्हणून... शी! ती माझ्याशी तासन्‌तास बोलायची. मी तरी कुठं ऐकत होते?"

तिला रडू येत होतं आणि त्याचाही तिला संताप आला.

काकू उठली. नवऱ्याच्या मांडीवरचा लॅपटॉप उचलून तिनं टेबलावर ठेवला. "ती बासरी आधी काढ," ती संहिताला म्हणाली. "आणि रघू, तू कुकर लाव. हिला जेवून जाऊ दे."

संध्याकाळपर्यंत दोघी भांडल्या. कावळा ठेवायचा की सासरे, मूळव्याध समाराधनेत शोभते का, फोटोत तोंड उघडं असलं तर चालेल का. मितभाषी काकूनं स्वतःच्या हातानं पुसलं. 'संयोगिता पाप'पासून पुढचं संहितानं दबकत बाजूला काढून ठेवलं होतं. ते काकूनं उचलून परत आत घातलं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पंगत बसली. कोसंबरी वाढून झाली आणि भिंतीवरच्या पडद्यावर अक्का सुरू झाली. वाढप्यांच्या बादल्या हातातल्या हातात राहिल्या. "नरसिंह! अरे नरसिंह!" अशी तिची हाक आली तसे अण्णा पानावरून अर्धे उठले, "आलो अक्का" म्हणाले आणि ओशाळून परत बसले. सासरे आले, मंत्री आला, पंगतीत हशा पिकला. मग काकूचं नाव आलं. काही माना तिच्याकडे वळल्या. काकू पळी हातात धरून पडद्यापाशी ताठ उभी होती.

अण्णांचे मेव्हणे वादिराज पंगतीतून उठून तिच्याजवळ आले. "अगं, आवाज जरा कमी कर. लोक जेवतायत. आणि हे घरातलं बोलणं चारचौघांत कशाला?"

"मामा, तुमचा भात निवतोय," काकू म्हणाली, आणि पळी संहिताच्या हातात देऊन तिनं आवाज वाढवला.