घरचं बियाणं

अटॅकनं देवरावचं अर्धं हृदय निकामी झालं होतं. नागपूरचा डॉक्टर म्हणाला, "तुमच्याच कंबरेच्या हाडातल्या मूळपेशी काढून हृदयात सोडू. प्रयोग आहे, खात्री नाही. पण दुसरा उपाय उरला नाही."

खात्रीचं देवरावला काही नव्हतं. मुकुटबनच्या आपल्या कोरडवाहू शेतात तो जन्मभर बिनखात्रीचंच पेरत आला होता. तो अडला भलतीकडंच.

"घरचं बियाणं चालत नाही, साहेब. मागं घरची सरकी पेरली, तं झाड माणसाएवढं अन् बोंड एक नाही. मले पाकिटातलं टाका."

"पाकिटात मिळत नाही हो!"

"मंग एखाद्या पहिलवानाचं काढा!"

घरचं ते नासकं, एवढंच बियाणेवाल्या कंपन्यांनी त्याच्या डोक्यात पेरून ठेवलं होतं, आणि त्यापायी तो मरायला तयार होता. डॉक्टरनं कपाळाला हात लावला. तशी खाटेशी उभी असलेली देवरावची बायको जया कडाडली, "घरचं चालत नाही म्हन्ते! मंग आपले तीन लेकरं कोन्या कंपनीचे होत?"

नर्स तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाली.

देवराव गुमान पालथा झाला. "घ्या काढून," तो उशीत पुटपुटला, "पन आधी हिले भाईर धाडा."