दोरीवरची खाकी

"आज कोणतं पुस्तक हाय, ताई?"

प्रश्न आरशातून आला होता. औराद–बीदर गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर तो लांबट आरसा होता. त्यात मला त्यांचे डोळे आणि भुवया एवढंच दिसायचं.

"औषधांचं," मी म्हणाले.

"गोष्टीचं न्हाई? मग झोपा काढा बीदरपत्तुर."

इंजिनाच्या बोनेटवर बसलेले सिद्धप्पा सर हसले. आमच्या फार्मसी कॉलेजात स्कॉलरशिपचं काम त्यांच्याकडे होतं. औरादहून ते रोज याच गाडीने यायचे. बायकांना तिकीट माफ झाल्यापासून पुढच्या सीटवर बसायची कुणा पुरुषाची छाती होत नसे, म्हणून ते बोनेटवर वर्तमानपत्र अंथरून बसायचे.

"राजपाल, तुमची गाडी म्हणजे सगळ्या बायकांचं माहेर झालंय बघा," ते म्हणाले.

मागून शकुबाईंचा आवाज आला. बीदरच्या बाजारात भाजी विकायला जाणाऱ्या शकुबाईंना गप्प बसवणं कंडक्टरलाही जमत नसे. "मग कामून जळायलाव, सर? तुमी बी लुगडं नेसून या की उद्या!"

गाडी हसली. राजपाल सगळ्यांत जास्त हसले.

जनवाड्याला मी चढायचे तेव्हा दाराजवळच्या पहिल्या सीटवर एक टावेल पडलेला असायचा. निळ्या चौकड्यांचा, एका कोपऱ्यावर जळाल्याचं भोक. तापलेल्या सायलेन्सरला लागून पडलेलं. "कुणाचा हो हा टावेल?" असं कुणी विचारलंच, तर राजपाल म्हणायचे, "डेपोचा हाय." मी टावेल उचलून तिथे बसायचे आणि उतरताना त्यांच्या मागच्या दांडीवर टाकायचे.

हा माणूस पहाटे आमच्याच घरून निघालेला असायचा.

माझे बाबा मी पहिलीत असताना गेले. आई ब्लाउज शिवायची. मी सातवीत होते तेव्हा राजपाल आमच्या घरी आले. हुमनाबादला त्यांच्या एका मित्राच्या घरी बुद्धवंदना झाली, दोन हार, चहा. लग्नाची नोंदणी राहून गेली, ती निव्वळ आळसाने. पुढे मला फार्मसीला प्रवेश मिळाला तेव्हा हाच आळस कामी आला. विधवेची मुलगी म्हणून आईच्या शिवणकामावर उत्पन्नाचा दाखला निघत होता आणि त्या दाखल्यावर फी माफ होत होती. सरकारी गाडीच्या ड्रायव्हरची मुलगी म्हणून ती झाली नसती. त्यांचा पगार कागदावर मोठा होता. हातात यायचा तो कापून कापून. जनवाड्यात आमचं सगळ्यांना माहीत होतं. कागदोपत्री मात्र ते कुणीच नव्हते.

नियम त्यांनीच घातला. "मला घरात बी अप्पा-बिप्पा काई म्हणू नको. एकदा जिभेला सवय लागली की गाडीत निसटतंय."

म्हणून मी त्यांना कोणत्याच नावाने हाक मारली नाही. "जेवायला वाढलंय," असं मी भिंतीकडे बघून म्हणायचे आणि ते यायचे. घरात ते मला "माले" म्हणत. गाडीत ताई.

दाखल्याची मुदत संपली होती. शेवटच्या वर्षाच्या स्कॉलरशिपचं नूतनीकरण त्यावर अडलं होतं आणि त्या दिवशी तलाठी मॅडम घरी चौकशीला येणार होत्या. पहाटे राजपालनी स्वतःच आवराआवर केली. दोरीवरचा खाकी शर्ट, खाकी पँट, दाढीचं सामान, जादाची चप्पल. भिंतीवरचा आम्हा तिघांचा फोटो उतरवून त्यांनी तो शर्टात गुंडाळला. सगळं एका रेक्झिनच्या बॅगेत भरलं.

"गोळ्या तरी ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. बीपीच्या होत्या.

"चिठ्ठीवर नाव हाय माझं."

मग ते उंबऱ्यात उभे राहिले आणि आत बघत म्हणाले, "बघ बरं, मी कुठं दिसायलोय का?"

आईने फळी पाहिली, दोरी पाहिली. "न्हाई."

"मग झालं."

आता ती बॅग गाडीत त्यांच्या सीटमागे होती.

"दीपमाला," सिद्धप्पा सर माझ्याकडे वळले, "तुझा दाखला कुठं हाय? पोर्टल बंद व्हायलंय. मग माझ्यापुढं रडायचं न्हाई."

"आज चौकशी आहे, सर."

"चौकशीत काय विचारतेत हो, सर?" स्टेअरिंगवरून राजपालनी विचारलं.

"घरात कोण कोण हाय, कमावतंय कोण. दुसरं काय?"

"आन् खोटं सांगितलं तर?"

"सापडलं तर मागची सगळी रक्कम परत भरा म्हणतेत. गेल्या वर्षी एका पोराचं तसंच झालं. कॉलेज सुटलं बिचाऱ्याचं."

राजपालनी गिअर बदलला. "मग खरंच सांगा बरं का, ताई," ते म्हणाले. आरशातले डोळे हसत होते.

बीदरला उतरताना मी टावेल दांडीवर टाकायला गेले, तर ते हळूच म्हणाले, "मळलाय. घरी धुवायला ने."

संध्याकाळी स्टँडवर गाडी लागली होती. पहिल्या सीटवर टावेल नव्हता. तो माझ्याच पिशवीत होता, त्यामुळे मला काही वाटलं नाही. मी बसले. ड्रायव्हरच्या सीटवर दुसरा माणूस चढला तेव्हाही वाटलं, ड्यूटी बदलली असेल.

"राजपाल कुठं गेले?" सिद्धप्पा सरांनी विचारलं.

कंडक्टर नरसिंगअण्णांनी तिकिटाचं मशीन पोटाशी धरलं. "राजपाल गेले, सर. दुपारी. डेपोत जेवून आडवे झाले, ते उठलेच न्हाईत."

"इश्शिवा! काय म्हणता?"

"त्यांचा भाऊ आलता. कमठाण्याला नेलं."

शकुबाईंनी तोंडाला पदर लावला. सगळी गाडी एकदम बोलू लागली. नरसिंगअण्णा माझ्यापर्यंत आले. मी आधार कार्ड दाखवलं. त्यांनी शून्याचं तिकीट दिलं. मी ते घेतलं, घडी केली आणि जनवाडा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

आई दारात उभी होती. "मॅडम येऊन गेल्या," ती म्हणाली, "कायबी अडचण आली न्हाई."

मग तिने माझ्याकडे नीट बघितलं.

मी सांगितल्यावर ती घरात गेली आणि काहीतरी शोधू लागली. फळीवर, ट्रंकेत, दोरीपाशी. खूप वेळ शोधत होती. त्यांचं असं घरात काहीच उरलं नव्हतं.

कमठाण्याला आम्ही गेलो ते त्यांच्या घरमालकिणी म्हणून. औरादच्या मार्गावर ड्यूटी, म्हणून जनवाड्यात खोली घेतलेली, असं डेपोत सांगितलेलं होतं. त्यांच्या भावाला, बुद्धरत्न काकांना, खरं ठाऊक होतं. डेपोची माणसं अंगणात बसली होती. वंदना संपली, आणि शेवटचं पाणी पाजायला घरच्यांना पुढे बोलावलं तेव्हा काकांनी बायकांमध्ये आम्हाला शोधलं. त्यांनी आईकडे बघून नुसती मान उचलली. या, असं. आईने डेपोच्या माणसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नकारार्थी मान हलवली. माझं मनगट तिने घट्ट धरून ठेवलं होतं.

निघताना काकू रेक्झिनची बॅग घेऊन आल्या. "वैनी, ही तुमची."

"इथंच ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "फारम होऊ द्या. मग नेते."

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "त्यांचंच म्हणणं होतं ना. शेवटचं वरीस ऱ्हायलंय, कुठं चुकू नका म्हणून."

त्यानंतर ती रडली. मला वाटतं, बॅगेसाठी रडली.

दाखला आला. चौकशीचा शेराही त्यासोबत होता: अर्जदाराची आई विधवा, घरात मायलेकी दोघीच, दुसरं कुणी कमावणारं नाही. मॅडमनी सकाळी लिहिलं तेव्हा ते खोटं होतं. दुपारी खरं झालं.

पोर्टलची तारीख वाढली होती. मी पुन्हा त्याच गाडीत चढले. पहिल्या सीटवर एक म्हातारी नातवाला घेऊन बसली होती. मी दांडी धरून उभी राहिले. नवीन ड्रायव्हर तरुण होता. त्याने आरसा स्वतःच्या उंचीला लावून घेतला होता. आता त्यात फक्त छत दिसत होतं.

सिद्धप्पा सर बोनेटवरून त्याला सांगत होते, "तुला काय सांगू, तसला माणूस न्हाई बघ. दिवसभर गाडीला हसवायचा. पण घरी कोण होतं? एकटाच. बायको न्हाई, लेकरू न्हाई. मेल्यावर मागं नाव घ्यायला कुणीच न्हाई."

"व्हय की," शकुबाई म्हणाल्या. त्या जनवाड्याच्याच. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

"दीपमाला, आणलास का दाखला? दे, आजच करून टाकतो. शेवटचं वरीस हाय तुझं, सुटशील."

मी पिशवीत हात घातला. दाखला तळाशी गेला होता. तो काढायला आधी टावेल बाहेर काढावा लागला. मी तो धुतला होता, इस्त्री केली होती. सरांनी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. त्यांची नजर जळक्या कोपऱ्यावर होती.

"हा राजपालचा टावेल न्हवं? तुझ्याकडं कसा?"

उत्तर तयार होतं. आईने पढवून ठेवलं होतं: गाडीत राहिला होता, सर. एवढंच म्हणायचं, दाखला द्यायचा आणि बीदरला उतरायचं. एका हातात दाखला होता, एका हातात टावेल, आणि दांडी कशानेच धरलेली नव्हती. शकुबाईंनी माझ्या कमरेला हात लावून मला सावरलं. नरसिंगअण्णांचं मशीन थांबलं.

तो शब्द मी कधी वापरला नव्हता. आवाज किती काढायचा ते कळलं नाही. जरा मोठाच निघाला.

"आमच्या अप्पांचा हाय, सर."