पट्टी कुणी केली

कॉलेजच्या प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी माझे संशोधनाचे मार्गदर्शक सर म्हणाले, "पुजा, आज मीच बोलतो. तू आईला नीट उभं कर."

बोलायचं मला होतं. सरांनी तसा शब्द दिला होता. दोन उन्हाळे मी बॅटरीतल्या जेलच्या थरामागं घालवले होते. बाभळीचा डिंक, पाणी आणि जस्ताचा क्षार. या लिबलिबीत थरातून जस्ताचे आयन ये-जा करतात, तेव्हा बॅटरी चालते. आधीचे थर हिंगोलीच्या उन्हात वाळून पापडासारखे मोडायचे. हा मोडत नव्हता. वाकवा, दुमडा, दिवा चालूच. आणि आता सर पुढं. आयत्या बिळावर नागोबा!

हॉलमध्ये याडी, म्हणजे माझी आई जिवनबाई, तिच्या लग्नातली कांचळी, म्हणजे आमची बंजारा चोळी, घालून उभी होती. वारंगा फाट्याजवळच्या आमच्या तांड्यातून ती पहिल्यांदाच कॉलेजात आली होती. बाहीवर तिनंच भरलेलं आरशांचं काम, त्याखाली माझी बॅटरी आणि आरशांमधून चमकणारे बारीक दिवे. पोशाखाची कल्पना सरांची. "फोटो चांगले येतात," म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण प्रबंधावर सही त्यांचीच लागते, म्हणून गप्प बसले.

घरी मी बॅटरीला पट्टीच म्हणायची. याडीला तेवढंच नाव ठाऊक.

"आमच्या विभागानं हे तयार केलं," सर पाहुण्यांना सांगत होते. तेवढ्यात एका बाईंनी याडीलाच विचारलं, "किती सुंदर! कुणी केलं हे?"

सर थबकले.

याडीनं मला हाताला धरून पुढं ओढलं. "ही पट्टी माझ्या पुजानं केली. दुसऱ्या कुनीबी न्हाई. रात बघितली न्हाई, दिस बघितला न्हाई, करूनच राहिली होती पोरगी."

सगळ्यांनी बाहीवरच्या आरशांकडं पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या.

"यांच्या रक्तातच कला असते," सर हसून म्हणाले.

"अहो, पट्टी म्हणजे बॅटरी..." मी सांगायला लागले, पण सर पाहुण्यांना पुढच्या टेबलाकडं घेऊन निघालेसुद्धा. त्या बाई तेवढ्या मागं थांबल्या. "माझ्या ब्लाउजवर असं भरून देशील का गं?"

परतीच्या जीपमध्ये याडीचा चेहरा नुसता फुलला होता. "तुझे सर गप्पच झाले, बघितलं का? म्या सांगितलं का न्हाई समद्यांला?"

"बराबर सांगितलंस, याडी," मी म्हणाले.

खरंच, तिनं बराबरच सांगितलं होतं.