तीच गोळी पुन्हा

"चादर झटकून कुणाचं मनगट मोडतं का?" मुकादम म्हणाला.

धाकटी हात छातीशी धरून गठ्ठ्यावर बसली होती. ओल्या चादरी तापलेल्या रोलरमधून सरळ काढायच्या, हे हॉस्पिटलच्या लाँड्रीतलं तिचं काम. थोरली बहीण तिथंच शिवणावर. म्हणून सगळ्यांची ती धाकटी.

लहानपणापासून तिला फिट्स यायच्या. गोळ्यांनी त्या थांबल्या, तेव्हाच तिला मशीनजवळ उभं राहू दिलं. मग तिनं गोळी कधी चुकवली नाही. आई गेली त्या दिवशीही नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे आणि हाडांची तपासणी पाहिली. "हाडं फार विरळ झालीत. ही जुनी गोळी अंगातलं ड जीवनसत्त्व लवकर संपवते. मग हाडांना कॅल्शियम पुरत नाही. आधी कुणी तपासलं नाही?"

"आधीचे डॉक्टर फिट येते का, एवढंच विचारायचे. नाही म्हटलं की तीच गोळी पुन्हा," धाकटी म्हणाली.

"मग बंद करा ना ती मेली गोळी!" थोरली उसळली.

"एकदम बंद केली तर फिट्स जोरात येतील. हळूहळू दुसरी सुरू करू. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आजपासूनच. तोवर मशीनजवळ मात्र जायचं नाही."

"आणि नाही बदलली तर?" धाकटीनं विचारलं.

"पुढच्या वेळी खुबा मोडेल कदाचित."

घरी जाताना थोरली सगळ्या डॉक्टरांचा उद्धार करत होती. धाकटी थकून म्हणाली, "पुरे गं. त्या गोळीच्याच जिवावर उभी राहिले. आता चिडू तरी कुणावर?"

प्लास्टर निघालं. जुनी गोळी हळूहळू कमी होत नवी सुरू झाली होती. रोलरवर दुसरी बाई आली आणि धाकटी घड्यांच्या टेबलावर. तिथं बसून काम करायचं. तरी संध्याकाळी तिला जास्तच शिणल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी अभ्र्याची घडी घालता घालता ती कोसळली.

डोळे उघडले तेव्हा बायकांनी तिच्याभोवती कपड्यांचे गठ्ठे रचले होते. थोरली तिचे कोपर, गुडघे चाचपत होती.

"काही मोडलं का गं?"

धाकटीनं बोटं हलवली, मग पाय. "नाही वाटतं."

थोरलीला रडू फुटलं. "जुनीच मागू या का परत? निदान फिट तरी येत नव्हती."

धाकटीची जीभ चावली गेली होती, बोलणं जड जात होतं.

"नको. बाईंना सांगू, नवी वाढवतील. अर्ध्यातून मागं फिरायचं त्राण नाही माझ्यात."

डोक्याखालच्या अभ्र्यावर रक्त लागलं होतं. भिंत धरून ती उठली, अभ्रा उचलला.

"राहू दे, आम्ही धुतो," कुणीतरी म्हणालं.

"माझं आहे ते," ती म्हणाली, आणि नळाखाली डाग धरून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत, सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली.