उत्तरासाठी सोडलेली जागा

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. हसू येतंय ना? म्हणाल, तू बोलतोस यात नवल ते काय, जन्मभर दुसरं केलंस काय? खरं आहे. पण आजवर बोललो ते सगळं दुसऱ्याचं. कुणाची गाणी, कुणाची भाषणं, मधेच कुणाचा तरी खोकला. पोटात जे भरलं तेच बाहेर काढायचं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही, हा आमचा धर्म. एका घरात तो धर्म मोडला. मी मोडला नाही, एवढं मात्र शपथेवर सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना मुली. एकीनं मोटर बसवली, दुसरीनं रबरी पट्टा चढवला, तिसरीनं झाकण लावलं. शेवटची माझ्यासमोर कंटाळलेल्या आवाजात "हॅलो, हॅलो" म्हणाली, तेच परत ऐकलं आणि मला खोक्यात घातलं. दुकानाच्या काचेमागे मी किती तरी दिवस धूळ खात बसलो होतो. मग एका तरुणानं मला विकत घेतलं. तो या घरातला थोरला. लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम करायचा, त्यामुळे मला उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडेना. पुढे लग्न होऊन तो दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेला, आणि जाताना मला आईजवळ ठेवून गेला. तिला काम करताना गाणी लागायची.

त्याची आई कपडे शिवायची. सगळी गल्ली तिला मावशी म्हणे, म्हणून मीही मावशीच म्हणतो. खिडकीपाशी तिचं पायडलचं मशीन, शेजारी कापड कापायचं टेबल आणि टेबलावर मी. माझ्या जाळीत कायम दोऱ्याचे तुकडे अडकलेले. आठवड्यातून एकदा मावशी जुन्या ब्रशनं माझं तोंड साफ करायची आणि वर मलाच बोलायची, "किती घाण करतोस रे."

घरात तिसरी होती धाकटी, थोरल्याची बहीण. बालवाडीत मदतनीस होती. मुलांची नाकं पुसायची, चपला ओळीनं लावायच्या, आणि बाई रजेवर गेल्या की वर्गही सांभाळायचा. वर्ग सांभाळताना ती खरी खुलायची. तिला खरीखुरी शिक्षिका व्हायचं होतं. पण शिक्षकांच्या कॉलेजात प्रवेश हवा तर आधी परीक्षा. एक पेपर भाषेचा, एक अंकगणिताचा.

भाषेचा पेपर ती पहिल्याच फटक्यात पास झाली. अंकगणितात घोडं अडलं. त्यातला अर्धा भाग तोंडी होता. कानाला यंत्र लावायचं. एक आवाज प्रश्न सांगतो, तोच पुन्हा एकदा सांगतो, मग उत्तरासाठी थोडी जागा सोडतो आणि पुढे जातो. तुमचं लिहून झालं की नाही, त्याला देणंघेणं नाही. कागदावर धाकटी कुठलंही गणित सोडवायची, पण तो आवाज सुरू झाला की तिचे हातपाय गळायचे. दोनदा नापास झाली. तीनच संधी मिळतात. तिसरी हुकली की ते दार कायमचं बंद.

दुसऱ्या निकालाच्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मावशीनं तिला उठवलं आणि म्हणाली, "आवाजाला घाबरतेस ना? मग माझ्या आवाजाला घाबरून दाखव."

आणि तिनं माझ्या पोटात कोरी कॅसेट घातली. मावशीचं शिक्षण चौथीपर्यंतचं. सरावाचं पुस्तक मांडीवर घेऊन ती अडखळत, बोट ठेवून प्रश्न वाचायची. "एका वर्गात... तीस मुलं. वीस टक्के गैरहजर. तर हजर किती?" पुन्हा एकदा तेच. मग उत्तरासाठी जागा सोडायची. घड्याळबिड्याळ ती बघत नव्हती. कापड सुईखाली सरकवायचं आणि एक शिवण मारायची. शिवण संपली की, "हं, पुढचं." फितीवर प्रत्येक प्रश्नामागे अशी एक एक शिवण आहे.

पुस्तक संपलं, पण रेकॉर्डिंग बंद कसं करायचं ते तिला आठवेना. त्यामुळे शेवटी नुसतंच तिचं बोलणं आलंय. "अगं, हे थांबवतात कसं?" म्हणून हसली. दोरा कच्चा निघाला म्हणून दुकानदाराला चार शब्द ऐकवले. आणि मग स्वतःशीच म्हणाली, "थोरल्याच्या शर्टाचं बटण लावायचं राहिलं. हा मुलगा स्वतःहून कधी सांगायचा नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मावशीला ताप आला. साधाच वाटला होता. दवाखान्यात नेलं, आणि तिथून ती परत आली नाही.

मशीनवर चादर टाकली गेली. गिऱ्हाइकं अर्धवट शिवलेले कपडे तसेच घेऊन गेली. रविवारी थोरला यायचा, फीत शेवटाकडे न्यायचा आणि तेवढं बटणाचं बोलणं ऐकून निघून जायचा. रडायचा नाही. फक्त शर्टाच्या बटणावरून हात फिरवायचा.

धाकटी मात्र रोज दुपारी, बालवाडीतून आली की, दार लोटून माझ्यासमोर बसायची. मी टेबलावर, ती माझ्यासमोर, आणि तिच्या पाठीमागे ते झाकलेलं मशीन. मी वाजायचो, ती लिहायची. एकही उत्तर चुकत नव्हतं. मला वाटलं, आता ही गड जिंकणार.

थोरल्याच्या मात्र लक्षात आलं. एकदा तो मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "तू गणित करतच नाहीयेस. आई नुसता श्वास घेते, तेवढ्यात तुझं उत्तर लिहून होतं. ही पोपटपंची झाली." धाकटीचा चेहरा पडला. खरंच होतं ते. तिला गणितं येत नव्हती, मावशी पाठ झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला सुरू केलं. लख्ख ऊन होतं, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. माझ्यातून मावशी बोलली, "एका वर्गात... पस्तीस मुलं."

मी चपापलो. तीस होती. माझ्या पोटात तीसच होती, मला माझी फीत ठाऊक नाही का? धाकटीनं सवयीनं चोवीस लिहून टाकले होते. शिवण वाजली, संपली. आणि "हं, पुढचं" यायच्या ऐवजी आवाज आला, "नाही. परत."

धाकटीची पेन्सिल थांबली. तिनं बटण दाबून मला थांबवलं, फीत मागे नेली, पुन्हा लावली. पस्तीस मुलं. तिनं कॅसेट बाहेर काढून उलटसुलट बघितली, परत आत घातली. मग खाली मान घालून तिनं पहिल्यांदाच खरं गणित केलं. अठ्ठावीस. शिवण संपली. "हं, पुढचं."

त्या दिवसापासून एकही प्रश्न जुना राहिला नाही. आकडे बदलायचे, कधी अख्खा प्रश्नच बदलायचा. चुकलं की, "नाही. परत." उत्तर मावशी कधी सांगायची नाही. बरोबर आलं तर शाबासकीही नाही, सरळ पुढचं. आणि मी? मी घाबरून अर्धा झालो होतो. माझ्या तोंडून शब्द निघत होते आणि ते माझ्या पोटात कुठेच नव्हते.

त्याहून वाईट सांगू? शिवणीचा आवाज माझ्या जाळीतून यायचा बंद झाला होता. तो समोरून, धाकटीच्या मागून यायचा. चादर हलत नव्हती. पण चादर पायापर्यंत पुरत नव्हती, आणि खालचं पायडल संथपणे वरखाली होताना मला दिसायचं. धाकटीनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. वळलं तर थांबेल, ही तिला भीती असावी. मला भीती होती ती थांबणारच नाही याची.

पण फीत तेवढीच होती. नवीन बोलायचं तर जागा आणायची कुठून? एका रविवारी थोरल्यानं शेवट लावला, तर हसणं गायब. पुढच्या रविवारी दोऱ्याचं बोलणंही नाही. उरलं होतं ते फक्त बटणाचं. त्यानं मला उघडलं, आतलं सगळं पुसलं, पट्टा बदलला. मित्राचा टेपरेकॉर्डर आणून फितीची नक्कल करायला बघितली, तर नकलेत नुसतीच खरखर. मग तो बहिणीवर चिडला. तू रोज वाजवून वाजवून फीत झिजवलीस, म्हणाला. आता परीक्षा होईपर्यंत हात लावू नकोस.

धाकटीनं त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? वेड लागलंय म्हणाला असता. तिनं होकार दिला.

आणि खरोखर तिनं मला हात लावला नाही. परीक्षेच्या आदल्या दुपारीसुद्धा पुस्तक घेऊन एकटीच बसली होती. एका प्रकारच्या गणितात ती अजून चुकत होती, हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि तिसऱ्या कुणाला तरी माहीत होतं. एकदा तिचा हात माझ्यापर्यंत आला आणि मागे गेला. हळूच म्हणाली, "नको आई. तेवढं दादासाठी राहू दे."

माझं बटण खाली गेलं. कुणी दाबलं नाही. आपोआप गेलं.

"सहलीला पन्नास मुलं," मावशी म्हणाली. "सहा मुलांमागे एक शिक्षक. तर शिक्षक किती?"

धाकटीनं कानांवर हात ठेवले. प्रश्न पुन्हा आला. मागे पायडल हलायला लागलं.

"आठ," ती म्हणाली. नेहमी हेच चुकायचं.

"नाही. परत."

"आई, पुरे कर ना. दादाचं पुसलं जाईल."

शिवण चालूच होती. इतकी लांब शिवण मी कधी ऐकली नव्हती, जणू अख्खी खोली शिवत होती. धाकटी रडत रडतच मोजायला लागली. सहा आठे अठ्ठेचाळीस. मग थबकली.

"दोन मुलं उरतात," ती म्हणाली.

पायडल थांबलं. "मग? त्यांना रस्त्यावर सोडणार?"

"नाही. नऊ. नववा त्या दोघांसाठी."

"बरोबर," मावशी म्हणाली. हा शब्द तिनं पहिल्यांदाच उच्चारला. त्यानंतर माझ्यातून फक्त खरखर आली.

धाकटी पास झाली. परीक्षेतला आवाज कुणा परक्या माणसाचा होता, म्हणे. ती म्हणाली, त्याला काय घाबरायचं, तो चुकलं तरी रागावत नाही.

निकाल ऐकून थोरला धावतपळत आला. बहिणीच्या पाठीवर थाप मारली, आणि आनंदातच माझ्याकडे वळून शेवट लावला. खरखर. त्यानं कॅसेट उलटी करून लावली. तिकडेही खरखर.

"पुसलंस," तो म्हणाला. "तेवढंच होतं माझं. तेही तुझ्या परीक्षेत घातलंस."

मग धाकटीनं त्याला खाली बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पस्तीस मुलं, मागून येणारा पायडलचा आवाज, आपोआप दाबलं गेलेलं बटण. त्यानं मधे अडवलं नाही. विश्वास ठेवला की नाही, चेहऱ्यावरून कळेना. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाली?"

धाकटी म्हणाली, "मी दोन उरतात म्हणाले, तर आई म्हणाली, त्यांना रस्त्यावर सोडणार का? मला वाटतं दादा, ती आपल्या दोघांबद्दलच बोलत होती."

थोरल्यानं तोंड फिरवलं. तो रडला तो तेव्हा.

आता धाकटी कॉलेजच्या वसतिगृहात असते. शिवणाचं मशीन एका ओळखीच्या बाईनं नेलं, तिच्याकडे ते गुपचूप चालतं. मी थोरल्याच्या कामाच्या खोलीत आहे, नटबोल्टच्या डब्यांमधे. माझा एक स्पीकर गेलाय. त्याचा भागीदार मला भंगारात घाला म्हणतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही. पण एक विनंती आहे. मला टाकायचंच असेल तर आधी थोरल्याला विचारा. माझ्यासाठी नाही म्हणत मी.

तो काम संपलं की दार लोटतो, ती कॅसेट लावतो आणि खरखर ऐकत बसतो. परवाही असाच बसला होता. दिवसभर एका बंद लिफ्टशी झटून दमलेला, समोर घरून आणलेला डबा, तसाच बंद. मी गपगार फिरत होतो. माझ्यात काही नाही, हे मला पक्कं माहीत आहे. रोज तपासतो.

अचानक त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "हो, जेवलो."

मग थोडा वेळ तो ऐकत राहिला. ओशाळला, नाक पुसलं, डबा जवळ ओढून उघडला आणि खाली मान घालून जेवायला लागला.

मी काहीच वाजवलं नव्हतं.