षटकाराचं बक्षीस

कंधारचा हनीफ टेलर मशीनवर बसला की मुका, अन् माइक हातात आला की काय विचारता! भूकंपाच्या साली किल्लारीकडं भाकरीचा ट्रक कुठं थांबलाय, हे ओरडून सांगायला त्यानं पहिल्यांदा माइक धरला. तेव्हापासून लोक त्याच्या शब्दावर डोळे मिटून चालत. गावोगावच्या क्रिकेटात षटकाराला कुणी कोंबडा लावी, कुणी टॉवेल-टोपी. बक्षीस पुकारायचं काम हनीफचंच.

यंदा नांदेडच्या स्पर्धेला मुंबईचं स्पोर्ट्स चॅनल आलं, जोडीला कसलीशी कॅसिनो कंपनी. समालोचन हनीफचं! लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला असलेली लेक नाजिया मोबाइलवर ऐकणार म्हणून गडी नुसता हरखला. चॅनलचा साहेब म्हणाला, "दर ओव्हरला सांगा, षटकाराला कंपनीकडून पाचपट."

हनीफला वाटलं, शाब्बास, कंपनी बॅट्समनला पाचपट बक्षीस देऊन राहिली! त्यानं जीव तोडून पुकारलं. जळकोटच्या भागवतनं एक षटकार ठोकलाही.

सामना संपताच भागवतचा हात धरून हनीफ साहेबापुढं उभा. "द्या याचं बक्षीस."

साहेब पोट धरून हसला. "चाचा, खेळणाऱ्याला कशाला? फोनवर पैज लावतात त्यांच्यासाठी आहे ते. हरले की त्यांचे पैसे कंपनीला."

तेवढ्यात नाजियाचा फोन. "अब्बा, लई भारी बोललात! पण आमच्या मेसच्या शरणम्मामावशी रडून राहिल्या. त्यांनी पगार लावला अन् गेला. म्हणतात, भूकंपात ह्याच आवाजानं भाकरी दाखवली होती, म्हणून लावला."

त्या रात्री हनीफनं भाकरीचं ताट तसंच बाजूला सारलं.

फायनलला भागवत बॅटिंगला आला, तसा हनीफनं माइक तोंडाशी धरला. "ऐका मंडळी! कंपनीचं बक्षीस खेळणाऱ्याला न्हाई, ते तुमच्याच खिशातून जातंय. काल मी चुकीचं पुकारलं, माफ करा. फोन खिशात घाला. भागवतच्या षटकाराला हनीफ टेलरकडून एक सदरा!"

माइक बंद झाला. साहेबानं तिथंच त्याला घरी जायला सांगितलं. अन् भागवत बिचारा पुढच्याच चेंडूला त्रिफळाचीत! लेकीला आता आपला आवाज ऐकू येणार न्हाई, हे मात्र हनीफच्या लई जिवाला लागलं.

चार दिवसांनी भागवत दुकानाच्या पायरीशी घुटमळला. "चाचा, षटकार गेला न्हाई. सदरा कसा मागू?"

हनीफनं गळ्यातला टेप काढला.

"मुडद्या, मी काय तुझ्यावर पैज लावली होती? हात वर कर, छाती मोजू दे."