लुसीअम्माची ओटी

मळमड्डीच्या अंबूताईंनी एका ख्रिस्ती संतिणीची ओटी भरली, हे ऐकून कुणाला हसायचं असेल तर हसो बापडं. ज्याच्या घरात तशी पाळी येते त्याला हसू येत नाही.

पाळी अशी, की त्यांची एकुलती एक उत्तरा, शाळेत शिकवणारी, चांगली हसतीखेळती पोर, हळूहळू आंधळी होत होती. डोळ्यांचा आतला पडदा सुकत चाललाय, कडेकडेनं अंधार आत सरकत येणार आणि याला औषध नाही, असं हुबळीच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. बेंगळूरच्यांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त गोड शब्दांत. दिवेलागणीनंतर उत्तराला पायरी दिसेनाशी झाली होती. बाजूनं स्कूटर आली तर अगदी अंगावर येईपर्यंत कळायचं नाही. नवरा, बाळाचार्य, आधीच गेलेले. आपल्यामागं या मुलीचा हात धरून तिला कोण चालवणार, हा एकच घोर अंबूताईंच्या जिवाला लागला होता.

शेजारच्या वेणूबाईंनी सांगितलं, हुबळीत एका चर्चमध्ये एक मूर्ती आहे, हातात ताटली आणि ताटलीत दोन डोळे. लुसीअम्मा नाव, डोळ्यांची देवी म्हणे, सगळ्या जातीची माणसं जातात. झालं. पुढच्याच शुक्रवारी अंबूताई पिशवी घेऊन बसमध्ये चढल्या. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू. खरं म्हणजे विधवा बाईनं ओटी भरायची नसते. घरच्या देवीपुढं त्यांचा हात झाला नसता, आणि हळदीकुंकवाला तर त्यांना आता कुणी बोलावतच नव्हतं. पण इथं कोण विचारणार? तिथल्या सिस्टरबाईंनी पाहिलं, गालात हसल्या आणि नारळ तेवढा इथं फोडू नका म्हणून कन्नडमध्ये सांगितलं. तेव्हापासून दर शुक्रवारी अंबूताईंची फेरी सुरू झाली. उत्तरा शाळेत जायची आणि आई लुसीअम्माकडे.

मागायच्या काय? डोळे नव्हे. डॉक्टरांनी नाही म्हटलेलं देव तरी कुठून आणणार, अशी त्यांची समजूत. पदर पसरून त्या लग्न मागायच्या. उत्तराचे डोळे जायच्या आत, कुणाला ताकास तूर न लागता, तिचं लग्न होऊन जाऊ दे. एकदा माळ पडली की कुणी बायकोला रस्त्यावर सोडत नाही.

आणि बघा, स्थळ आलंसुद्धा. नवनगरचा सुमंत, बँकेत नोकरी, माणसं सालस. अंबूताईंनी बघण्याचा कार्यक्रम भर दुपारी, अंगणाकडच्या उजेडाच्या खोलीत ठेवला आणि उत्तराला खुर्चीतून हलू दिलं नाही. पोहे स्वतः आणून ठेवले. पत्रिका जुळली, सुपारी फुटली, धनुर्मास सरला की माघात लग्न ठरलं. डोळ्यांचं सांगूया का, असं उत्तरानं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा आईनं डोळ्यांत पाणी आणलं, मग तिनं विचारायचं सोडलं.

डिसेंबरात लुसीअम्माचा सण आला. शाळेला नेमकी सुट्टी होती, म्हणून उत्तराही बरोबर गेली. चर्च गच्च भरलं होतं, मेणबत्त्यांच्या उजेडानं मूर्ती पिवळी दिसत होती. फादरनी कन्नडमध्ये तिची कथा सांगितली.

फार जुनी गोष्ट, समुद्रात कुठंतरी बेट, तिथली ही श्रीमंताघरची पोर. बाप गेलेला, आई एकटी आणि आजारी. आईनं मुलीचं लग्न ठरवून टाकलेलं. मुलीनं आईला आधीच्या एका हुतात्मा बाईच्या थडग्यावर नेलं, तिथं आई बरी झाली. तेव्हा मुलगी म्हणाली, मला लग्न नको, माझ्यासाठी ठेवलंय ते गरिबांना वाटून टाक. आईनं ऐकलं. पण ठरलेला नवरा चिडला, ही ख्रिस्ती आहे म्हणून त्यानंच अधिकाऱ्याकडे चुगली केली. तिला फरफटत न्यायला बैल जुंपले तरी ती जागची हलली नाही. शेवटी गळ्यात तलवार खुपसली. डोळे काढले असंही कुणी कुणी सांगतात. तेव्हापासून लोक तिच्याकडे दृष्टी मागतात.

लग्न नको म्हणून जी मेली, तिच्या पायाशी अंबूताई एवढे शुक्रवार हिरव्या बांगड्या ठेवत होत्या. मागावं कुणाकडे, काय, याला काही धरबंध?

परतीच्या बसमध्ये उत्तरा खिडकीकडे तोंड करून बसली होती. नवनगर मागं पडल्यावर म्हणाली, "आई, मी सुमंतला सांगणार आहे."

"लग्नानंतर सांग गं. तुझ्या पाया पडते."

"नंतर ते मला टाकणार नाहीत, खरंय. पण जन्मभर फसवलंस म्हणतील, आणि त्यांचं खरं असेल."

दुसऱ्याच दिवशी तिनं सांगितलं. सुमंतनं सगळं ऐकून घेतलं, बरं झालं सांगितलंस म्हणाला, हाताला धरून तिला फाटकापर्यंत पोचवलं. मुलगा वाईट नव्हता हो, तोच तर ताप. दोन दिवसांनी त्याच्या वडिलांचा फोन आला. पत्रिका पुन्हा बघितली, एकनाड निघाली म्हणाले. पत्रिका जुळवली होती त्यांच्याच गुरुजींनी. पण अंबूताई त्यांना काय बोलणार? त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला.

उत्तरा स्वयंपाकघरात खाली बसून हातांनी चाचपत मेथी निवडत होती. अंबूताई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांचा बांध फुटला.

"त्या बयेनंच केलं हे. स्वतः संसार केला नाही, तुझाही होऊ दिला नाही. आणि मी मूर्ख, दर शुक्रवारी तिच्यापुढं पदर पसरून तुझं लग्न मागत बसले."

उत्तराचे हात थांबले.

"लग्न मागत होतीस?"

"मग काय मागणार?"

"मला वाटायचं, डोळे."

अंबूताई एक पाऊल आत आल्या.

"ते मिळणार नाहीत, मला माहितीय," उत्तरा म्हणाली. "डॉक्टरांसमोर मीच बसले होते. पण शुक्रवारी वर्गात शिकवताना मनात यायचं, आत्ता आई तिथं पोचली असेल, आत्ता माझ्यासाठी मागत असेल. तेवढा वेळ मला बरं वाटायचं."

"उद्याच जाते. डोळेच मागते, दुसरं काही नाही."

"नको, आई. ते मिळतील असं तुला कधी वाटलंच नव्हतं. मला आता कळलंय ते."

तिनं देठं बाजूला सारली, भिंतीला हात लावून उठली आणि आतल्या खोलीत गेली. अंबूताईंना पुढं होऊन तिला हात देण्याचं धैर्य झालं नाही.